एक छोटंसं फीचर द्या ना, प्लीज!

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवणारी हौशी मंडळी आता थर्मामीटरच्या जोडीला लॅपटॉप घेऊन बसतात. हीटर, पंप, फ्रिज... सगळं सॉफ्टवेअरच्या ताब्यात! पण सॉफ्टवेअर आलं की मागण्या आल्या. त्या पुरवायच्या कोणी, या प्रश्नाचं उत्तर बिअरइतकंच इंटरेस्टिंग आहे.

सोमवार सकाळ. कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत इनबॉक्समध्ये क्लायंटचा मेल. 'एक छोटासाच चेंज आहे, आजच होईल ना?' बस्स, मूडचा पार कचरा! तो 'छोटासा' चेंज प्रत्यक्षात केवढा असतो, हे आयटीतल्या, बँकेतल्या, अगदी ॲड एजन्सीतल्या पब्लिकलाही सांगायला नको.

आता जरा सीन बदलूया. जागा : अमेरिकेतलं कुठलंही उपनगर. वेळ : शनिवार सकाळ. आठवडाभर क्लायंटच्या नावानं बोटं मोडणारा असाच एखादा सॉफ्टवेअरवाला आज घरच्या गॅरेजमध्ये आहे (गॅरेज म्हणजे गाडी ठेवायची जागा, आपलं रिपेअरिंगवालं नव्हे!). समोर स्टीलची तीन मोठाली पातेली, दोन पंप, नळ्यांचं जंजाळ आणि भिंतीवर टांगलेला स्क्रीन. साहेब बिअर बनवताहेत. आणि बनवता बनवता हे सगळं चालवणारं सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं, त्याला मेल टाकताहेत, 'प्रॉडक्ट झक्कास आहे. फक्त एक छोटंसं फीचर द्या ना, प्लीज!'

म्हणजे वीकेण्डला हा स्वतःच क्लायंट झाला की!

कार्टरसाहेबांची सही

घरी बिअर बनवायची हौस अमेरिकेत नवी नाही, पण ती कायदेशीर व्हायला बराच वेळ लागला. तिथली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तेव्हा घरी वाइन बनवायची सोय झाली. बिअर मात्र राहूनच गेली. पुढची पंचेचाळीस वर्षं लोक गुपचूप बनवत होते. शेवटी ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. अट एकच, विकायची नाही.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅट्झेन या दोघांनी 'अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन' सुरू केली आणि या छंदाला चेहरा मिळाला. तरी राज्याराज्यांचे कायदे वेगळेच. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी होकार दिला तो थेट २०१३ मध्ये!

दही लावता येतं? मग हे सोप्पंय

बिअर बनवणं म्हणजे नेमकं काय? ज्यानं कधी घरी दही लावलंय त्याला फंडा लगेच कळेल. दूध जास्त गरम असताना विरजण घातलं तर गडबड, गार झाल्यावर घातलं तरी गडबड. सगळा खेळ तापमानाचा.

बिअरचंही तसंच. मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात भिजवायचं. साधारण ६५ ते ६८ डिग्री सेल्सिअसला, तासभर. या वेळात धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पाणी ६३ डिग्रीच्या आसपास ठेवलं तर बिअर हलकी आणि कोरडी होते. ७० कडे नेलं तर जड आणि गोडसर. म्हणजे पाच-सात डिग्रीत अख्खी चव बदलते. मग ते गाळलेलं पाणी तासभर उकळायचं, ठरलेल्या मिनिटांना हॉप्स घालायचे, पटकन गार करायचं आणि यीस्ट टाकायचं. पुढचे आठ-पंधरा दिवस यीस्टचे. बऱ्याचशा एल जातीच्या बिअरला इथे २० डिग्रीच्या आसपासचं तापमान लागतं. त्यात गंमत अशी की काम करताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे खोली २० डिग्रीला असली तरी पिंपातला माल दोन-चार डिग्री वर चढून बसतो.

साध्या १९ लिटरच्या घाण्यासाठी असा पाच-सहा तासांचा पहारा आणि वर दोन आठवड्यांची देखरेख. आता ही मंडळी कोण? बरीचशी इंजिनीअर! ती थर्मामीटर हातात धरून किती दिवस उभी राहणार?

पातेल्याला डोकं आलं

आर्डुइनो हा छोटासा स्वस्त कंट्रोलर बोर्ड २००५ मध्ये इटलीत जन्माला आला. २०१२ मध्ये ब्रिटनमधून रास्पबेरी पाय आला, पत्त्याच्या कॅटएवढा अख्खा कॉम्प्युटर आणि किंमत ३५ डॉलर. होमब्रूअर मंडळींना लॉटरीच लागली! नेदरलँड्सच्या एल्को जेकब्सनं या दोघांची जोडी लावून 'ब्रूपाय' बनवलं. ते जुन्या फ्रिजमधल्या बिअरचं तापमान सांभाळायचं. फ्रिज बंद केला तरी बिअर काही वेळ गार होतच राहते, हे लक्षात घेऊन ते आधीच ब्रेक लावायचं. सिग्नल दिसल्यावर शहाणा ड्रायव्हर हळूहळू ब्रेक दाबतो ना, तस्संच.

जर्मनीतून 'क्राफ्टबिअरपाय' आलं. ते पातेल्यांचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालवतं आणि त्यात पायथनमध्ये लिहिलेले प्लगइन्स टाकता येतात. 'ब्रूकंट्रोल' विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतं, कंट्रोलर बोर्डाशी बोलतं आणि त्यात स्वतःची स्क्रिप्ट लिहायची सोय आहे. रेसिपीचा हिशेब करायला 'बिअरस्मिथ'सारखी सॉफ्टवेअर्स आहेत. एका सॉफ्टवेअरमधली रेसिपी दुसऱ्यात नेता यावी म्हणून 'बिअरएक्सएमएल' नावाचा कॉमन फॉरमॅटही आहे. थोडक्यात, सॉलिड सेट-अप!

एकाला हवं ते दुसऱ्याला नको

आणि इथूनच मागण्यांचा पाऊस सुरू होतो. काही अगदी साध्या असतात. ६७ डिग्री झाली की फोनवर मेसेज हवा. ग्राफ हवा. फॅरनहाइटच्या जागी सेल्सिअस हवं. कोणाला त्यावर वाद घालायचा नसतो, म्हणून या पटकन पुरवल्या जातात.

खरी मजा पुढे आहे. टायमरचंच घ्या. काही रेसिपींमध्ये तापमान टप्प्याटप्प्यानं चढवतात. आधी ५२ डिग्रीला २० मिनिटं, मग ६७ ला तासभर. नुसत्या पाण्याचाच हिशेब धरला, तरी २५ लिटरला ५२ वरून ६७ वर न्यायला ३,००० वॉटच्या हीटरला जवळपास नऊ मिनिटं लागतात. आता ही नऊ मिनिटं पुढच्या तासात मोजायची की नाही? एक म्हणतो, 'बटण दाबलं की टायमर सुरू व्हायला हवा, नाहीतर माझा दिवसाचा हिशेब चुकतो.' दुसरा म्हणतो, '६७ झाल्याशिवाय टायमर सुरूच होता कामा नये, नाहीतर चव बिघडते.' दोघंही बरोबर! सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं करायचं काय?

दुसरी लाडकी मागणी म्हणजे 'डिलेड स्टार्ट'. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि पहाटे पाचला हीटर आपोआप सुरू. उठेपर्यंत पाणी तयार! ऐकायला मस्त. पण रात्री पातेल्याचा नळ थेंब थेंब गळत राहिला तर? पहाटे पाचला कोरड्या पातेल्यात हीटर पेटणार. पाण्याबाहेर चालू राहिलेला हीटर काही मिनिटांत जळतो, आणि त्या वेळी घरातले सगळे झोपलेले असतात.

तिसरी मागणी आपल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला लग्गेच समजेल. लाइट जाऊन परत आली की काय व्हायला हवं? एक म्हणतो, जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू व्हावं. दुसरा म्हणतो, अजिबात नाही, मधल्या काळात मी पातेलं रिकामं केलं असेन तर?

प्रत्येकासाठी वेगळं बटण द्यायचं ठरवलं तर स्क्रीनवर विमानाच्या कॉकपिटएवढी बटणं होतील, आणि एकाचं बटण दुसऱ्याचा घाणा बिघडवेल.

मग तूच लिही बाबा!

यावर काही सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेला तोडगा भन्नाट आहे. प्रत्येक फीचर आम्ही देणार नाही. आम्ही तुम्हाला छोटीशी भाषा देतो. तुम्हाला हवं ते तुम्हीच लिहा. यालाच म्हणतात स्क्रिप्टिंग.

घाबरू नका, यात रॉकेट सायन्स काही नाही. कंट्रोलर बोर्ड हा आज्ञाधारक पोऱ्या समजा. स्क्रिप्ट म्हणजे त्याला दिलेली कामाची चिठ्ठी. प्रत्येक सॉफ्टवेअरची भाषा वेगळी, पण मराठीत लिहिली तर चिठ्ठी साधारण अशी होईल :

१. आधी सगळं बंद कर.
२. पातेल्यातली पाण्याची पातळी बघ. कमी असेल तर थांब आणि मला हाक मार.
३. हीटर चालू कर. ६७ डिग्री होईपर्यंत वाट बघ.
४. चाळीस मिनिटांत ६७ झालं नाही, तर हीटर बंद कर आणि अलार्म वाजव.
५. ६७ झालं की साठ मिनिटं मोज.
६. मी 'ओके' म्हटल्याशिवाय पंप सुरू करू नकोस.

आता नीट बघा. क्लायंटच्या मेलमध्ये यातल्या किती ओळी असत्या? तिसरी आणि पाचवी. बस! 'पाणी ६७ ला न्या आणि तासभर ठेवा.' पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी ओळ कधीच कोणी मागत नाही. कारण मागणी लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे सगळं नीट चाललेलं असतं. पाणी भरलेलं, लाइट असलेली, सेन्सर जागेवर. स्क्रिप्ट लिहायला बसलं की मात्र दर ओळीला एकच प्रश्न छळतो, 'आणि हे झालंच नाही तर?'

स्क्रिप्टिंगचा खरा फायदा हाच आहे. फीचर मिळतं ते मिळतंच, पण आपण मागत होतो ते नेमकं काय, हे पहिल्यांदा कळतं. आधी दुसऱ्याच्या डोक्याला असलेला ताप आता आपल्या डोक्याला! वरच्या टायमरच्या भांडणाचंही असंच. ज्याला बटण दाबल्यापासून मोजायचंय त्यानं मोजायची ओळ वर घ्यावी, ज्याला ६७ नंतर मोजायचंय त्यानं ती खाली ठेवावी. दोघंही खूश, सॉफ्टवेअरवाला तर सगळ्यात जास्त खूश.

उणे १२७ चा झटका

पण ही सूट फुकट मिळत नाही. एक किस्सेवजा धोका सांगते, या छंदातल्या नवख्यांची हमखास विकेट घेणारा.

होमब्रूअर मंडळींचा आवडता तापमानाचा सेन्सर म्हणजे डीएस१८बी२०. स्वस्त, छोटा, स्टीलच्या नळीत वॉटरप्रूफ करून मिळणारा. आता समजा, त्याची वायर निघाली. आर्डुइनोवर हा सेन्सर वाचायला सर्रास वापरला जाणारा कोड अशा वेळी तापमान सांगतो उणे १२७ डिग्री! हा खरं तर 'सेन्सर सापडत नाही' असा निरोप असतो. माणूस तो आकडा बघून हसेल आणि वायर तपासेल. स्क्रिप्ट हसत नाही. तिला फक्त एवढंच कळतं की पाहिजे ६७, आहे उणे १२७, म्हणजे पाणी जाम गार आहे. चला, हीटर फुल्ल! पातेल्यातलं पाणी खदखदतंय, तासभर जपलेली एन्झाइम्स खलास, आणि स्क्रिप्ट अजूनही पाणी 'तापवतेच' आहे.

याच सेन्सरची दुसरी खोड म्हणजे वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप व्हायच्या आधी त्याला विचारलं, तर तो ठोकून देतो ८५ डिग्री. म्हणजे लाइट जाऊन आली की क्षणभर खोटा आकडा. त्यामुळे अनुभवी मंडळींच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ असते : आकडा शून्याच्या खाली किंवा १०५ च्या वर गेला, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस, सगळं बंद कर. आणि एका आकड्यावर निर्णय घेऊ नकोस, लागोपाठ तीन-चार बघ.

आणि स्क्रिप्ट कितीही पक्की असली तरी मेन स्विच हाताशी, गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बोर्डात, आणि उकळत्या पातेल्यापाशी एक जागा माणूस, ही त्रिसूत्री कुठलंही सॉफ्टवेअर मोडू शकत नाही.

कंपनीच गेली तर?

'एवढी कटकट कोण करणार? रेडिमेड मशीन घेऊ की!' असं तुम्हाला वाटत असेल, तर सिएटलच्या 'पिकोब्रू'ची स्टोरी ऐका. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या बिल मिचेल यांनी दोन साथीदारांबरोबर ही कंपनी काढली. २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून मोठं मशीन आणलं. मग 'पिको' नावाचं छोटं मशीन आलं. कॉफी मशीनसारखंच, तयार पाकीट टाका, बटण दाबा. मशीन वाय-फायनं कंपनीच्या सर्व्हरशी बोलणार, रेसिपी तिथून येणार. स्क्रिप्ट नको, सेन्सर नको, टेन्शन नको!

२०२० मध्ये कंपनी आर्थिक गाळात गेली आणि तिचा कारभार आटोपला. पाकिटं बंद झाली, आणि सर्व्हर बंद झाला की लोकांच्या ओट्यावरची चकाचक मशीन्स नुसते डबे होणार होती. हीटर ठीक, पंप ठीक, फक्त 'पुढे काय करू?' हे विचारायला पलीकडे कोणी नाही.

तेव्हा धावून आली ती स्क्रिप्टवाली जमातच! मशीन सर्व्हरला काय विचारतं आणि सर्व्हर काय उत्तर देतो, हे काही हौशी लोकांनी उलगडून काढलं आणि घरातल्या रास्पबेरी पायवर चालणारा पर्यायी सर्व्हर लिहून फुकट वाटला. मशीनला वाटतं आपण सिएटलशी बोलतोय, बोलत असतं ते शेजारच्या कपाटावरच्या डबीशी. या जमातीनं कंपनीकडे मागायचं थांबवून स्वतः लिहिलं, म्हणून मशीन्स वाचली.

'हे झालंच नाही तर?' हा प्रश्न पातेल्यापुरता नसतो, हे पिको विकत घेताना कितीजणांच्या डोक्यात आलं असेल?

आपल्याकडे काय?

आता उत्साहाच्या भरात बादली आणि हीटर आणायला धावू नका! महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात घरची बिअरही आली. ताज्या बिअरची हौस असेल तर परवानावाल्या मायक्रोब्रुअरीज आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही त्यातली सुरुवातीची. (डूलाली या इंग्रजी शब्दाचा उगम आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे, बरं का!)

पण स्क्रिप्टला बिअरच लागते असं कोणी सांगितलं? डिसेंबरात पुण्यात इडलीचं पीठ फुगत नाही, ही तक्रार घरोघरी असते. थर्मोकोलचा डबा, आत वॉर्मर, एक सेन्सर आणि एक कंट्रोलर. ३० डिग्रीच्या आसपास ठेव, सेन्सर वेडंवाकडं बोलला तर बंद हो. तुमची पहिली स्क्रिप्ट तयार! फसली तर फार तर एक दिवस उपम्यावर भागवावं लागेल. आई चार शब्द सुनावेल, ते वेगळं.

आणि सोमवारी परत तो मेल आला, 'एक छोटासाच चेंज आहे', की चिडण्याआधी त्या पातेल्याची चिठ्ठी आठवा. क्लायंटनं तिसरी आणि पाचवी ओळ पाठवलेली असते. उरलेल्या चार ओळी त्याला माहीतच नसतात. त्या विचारून घेणं हेच तर आपलं काम... आणि पगार त्याचाच मिळतो, बॉस!

चौकट : मागण्याआधी पाच प्रश्न

फीचर बिअरच्या सॉफ्टवेअरकडे मागा नाहीतर ऑफिसातल्या सिस्टीमकडे, 'सेंड' दाबायच्या आधी एवढं तपासा :

• मला नेमकी अडचण काय आहे? उपाय सुचवण्याआधी अडचण लिहिली का?
• आत्ता मी हे काम हातानं कसं करतो? पायऱ्या क्रमानं सांगितल्या का?
• मला हवं ते दुसऱ्या कोणाला नडेल का? तसं असेल तर ते बंद ठेवायची सोय मागितली का?
• लाइट गेली, सेन्सर बिघडला, नेट बंद पडलं, तर काय व्हायला हवं?
• हे आहे त्या सोयीतून, चार ओळी लिहून, माझं मलाच जमण्यासारखं आहे का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर मेल डिलीट करा आणि लिहायला बसा!